वाळवंटातली पाणपोई

सुमतीताई,

आधीच माफी मागते. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, आणि अक्षर तर तुम्ही पाहिलंच आहे. ओळ धरून चालतच नाही, उतारावरून घसरल्यासारखं खाली येतं. तुम्ही शाळेत भूगोल शिकवलात, जन्मभर मुलींच्या वह्या तपासल्यात. हे हाती पडलं असतं तर आधी पेन शोधलं असतं. आता तपासणारं कुणी नाही, म्हणून लिहायचं धाडस करते. चौथी शिकलेल्या बाईला जेवढं जमेल तेवढं.

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही. सकाळी नातवंडं शाळेच्या बसमध्ये चढली की माझा हात आपोआप कोटाकडे जातो. मंदाताईंचा फोन येतो, "येताय ना मॉलमध्ये?" मी जाते. बाहेर अजून बर्फाचा चिखल आहे, त्यामुळे फेऱ्या मॉलमध्येच. आम्ही दोघी चालतो, पण दोघींच्या मधे एका माणसाची जागा सुटते. मुद्दाम नाही सोडत. समोरून येणारी चिनी आजी त्या जागेतून निघून जाते, तेव्हा कळतं की सुटली होती.

त्याच मॉलमध्ये तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात. सरकत्या जिन्यापाशी मी उभी होते, पाय टाकायची हिंमत होत नव्हती. मागून आवाज आला, "साडीखाली बर्फाचे बूट, म्हणजे आपल्याकडच्याच! चला, माझा हात धरा." मी हात धरला. वर पोहोचल्यावर सोडायचा असतो हे सुचलं नाही. तुम्हीही सोडवून घेतला नाहीत.

मी तेव्हा टोरंटोजवळच्या मार्कहॅमला नवी होते. मुलगा कंपनीत, सून कंपनीत, मुलं इंग्रजीत. दिवसभरात माझ्याशी बोलायला भाताचा कुकर. तुम्ही मात्र मला प्रश्न विचारायचात, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचात. मला बोलायला वेळ लागतो. बाकीचे लोक तेवढ्यात पुढे गेलेले असतात.

एकदा तुम्ही विचारलंत, "शेवंता, तुला जग बघावंसं वाटतं का गं?" मी म्हटलं, "ताई, माझा भूगोल चौथीत संपला. चौथीच्या पुस्तकात आपल्या राज्याच्या पुढे काही नसतंच." तुम्ही जागच्या जागी थांबलात. म्हणालात, "मग पाचवीपासून सुरू करू. तीस वर्षं मी फळ्यावर दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढला. आटाकामाचं वाळवंट, जगातलं सगळ्यात कोरडं ठिकाण, असं घोकून घेतलं पोरींकडून. स्वतः कधी पाहिलं नाही. आपण तिघी जाऊ."

मंदाताई म्हणाल्या, "जाऊ की! शेवंताबाई आहेत म्हणजे पोळ्यांची काळजी नाही."

त्या हसत म्हणाल्या, मनात काही नव्हतं त्यांच्या. मी घरोघरी पोळ्या करून द्यायची, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घ्यायची, हे सगळ्यांना माहीत होतं. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मंदे, ती पोळ्या लाटायला नाही येत. बघायला येतेय."

तिकिटं काढायची वेळ आली आणि त्याच आठवड्यात आमच्या मुलाची, मिलिंदची, नोकरी गेली. त्या वर्षी किती घरांत असं झालं. मी तुम्हाला सांगितलं की माझं नाव काढा. तुम्ही म्हणालात, "मी भरते तुझे." मी म्हटलं, "परत घेणार असाल तर." तुम्ही म्हणालात, "बरं बाई, घेईन." पण लहान मुलाला म्हणावं तसं म्हणालात. पहिल्या महिन्याचे पोळ्यांचे पैसे आणले, तर मॉलच्या बाकावर बसून तुम्ही ते माझ्याच कोटाच्या खिशात कोंबलेत. "मैत्रीत हिशेब आणू नये, शेवंता." मी म्हटलं, "हिशेब असला तरच मैत्री राहते, ताई." तुम्ही म्हणालात, "काय खुळी आहेस!" दोन महिने असंच चाललं. मी काढायची, तुम्ही कोंबायच्या.

तुमच्यासाठी ती प्रेमाची गोष्ट होती, हे मला कळत होतं. पण मला तिकडे मैत्रीण म्हणून जायचं होतं. सोबत नेलेली बाई म्हणून नाही. हे त्या वेळी मला एवढ्या शब्दांत सांगता आलं नाही.

चिलीच्या विमानतळावरच आपली फजिती झाली. बियांचं काही आत नेऊ देत नाहीत. त्या साहेबानं मंदाताईंची तिळाची चटणी हुंगली, लसणानं डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि डबा सरळ टोपलीत. पाठोपाठ जवस, पाठोपाठ मेतकूट. मंदाताई हिंदीत भांडल्या. तुम्ही म्हणालात, "अगं, स्पॅनिश माणसाशी हिंदीत का भांडतेस?" त्या म्हणाल्या, "इंग्रजीत मला राग येत नाही!"

ते वाळवंट मला कसं वाटलं, हे तुम्ही किती वेळा विचारलंत. मी दरवेळी "छान" म्हणायची. आता लिहिते. मला तिथं वासच आला नाही कसला. आमच्या वाशीमकडे उन्हाळ्यात माती तापली तरी तिला वास असतो, शेणाचा, धुराचा, वाळल्या काडीकचऱ्याचा. तिथं काहीच नाही. जमीन इतकी कोरडी की तिला स्वतःचा वास धरून ठेवायला ओल उरलेली नाही. मिठाच्या मैदानावर चाललो तेव्हा पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. आणि ते लामा! त्यांच्या कानात लोकरीचे रंगीत गोंडे बांधले होते. मी ओरडले, "ताई, यांचा पोळा आहे वाटतं आज!" आमच्या बैलांना तसेच गोंडे. तुम्ही ते ऐकून एवढ्या हसलात की ड्रायव्हर एलादिओनं गाडी थांबवली.

उंच घाटात तुम्हाला चक्कर आली, ते आठवतं? तुम्ही फोटो काढायला उतरलात आणि झोकांडी गेली. मी धावत म्हटलं, "अगं सुमती, खाली बस!" तुम्ही बसलात. ओठ निळे पडले होते तरी हसलात. "म्हटलीस एकदाची अगं!" तेवढं एकदाच. नंतर तुम्ही कितीदा म्हणालात, पण जीभ वळली नाही.

मग तो पंक्चरचा दिवस. पाणी संपलं होतं, आणि ते मंदाताईंमुळे. आपल्याला कागदानं भागत नाही. वाळवंटात दगडाआड जायचं तरी त्यांना बाटली लागायची. आपल्यालाही लागायचीच, पण त्या सढळ हातानं. टायर बदलायला एलादिओ गाडीखाली शिरला आणि आपण तिघी सावली शोधत निघालो. रस्त्याच्या कडेला विटांचं लहानसं घरटं होतं, गुडघ्याएवढं, आणि त्याच्याभोवती पाण्यानं भरलेल्या बाटल्याच बाटल्या. काही धुळीनं माखलेल्या, काही नव्या.

"पाणपोई!" तुम्ही टाळी वाजवलीत. "बघा, सगळीकडे माणसं सारखीच!"

मी म्हटलं, "थांबा ताई. कुणाला तरी विचारून घेऊ."

"पाणपोईवर कुणी विचारतं का गं?"

"आम्ही विचारत होतो," मी म्हटलं.

माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही. आमच्या गावच्या पाणपोईवर रांजणाशी एक म्हातारा बसायचा. बाकीचे लोक आपल्या हातानं घ्यायचे. आमच्या वस्तीतल्यांनी लांब उभं राहून ओंजळ धरायची, आणि त्याची मर्जी झाली की तो वरून सोडायचा. निम्मं कोपरावरून ओघळून जायचं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, तरी तुम्हाला समजलं. तुम्ही बाटलीचं झाकण काढलंत आणि बाटली माझ्या हातात दिलीत. मी प्यायले. मग तीच बाटली तोंडाला लावून तुम्ही प्यायलात. पाणी तापलेलं होतं, प्लॅस्टिकची चव होती. त्या घोटाबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. आभार मानण्यासारखी ती गोष्ट नाही, हेच तर तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणून गप्प राहिले.

आपल्या तीन बाटल्या संपत आल्या आणि एलादिओ हात पुसत आला. आपल्याला पाहून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या मोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं, "लेडी. लाँग टाइम बिफोर. वॉकिंग, वॉकिंग. नो वॉटर. डेड." मग त्यानं छातीशी दोन्ही हातांचा पाळणा केला. "बेबी, नो डेड. मिल्क."

वाळवंटात तहानेनं मेलेली बाई. लोकांना सापडली तेव्हा तान्हं बाळ तिच्या छातीशी दूध पीत होतं, जिवंत. म्हणून येणारे-जाणारे तिच्यासाठी पाणी ठेवतात.

"अगं बाई!" मंदाताई म्हणाल्या. "म्हणजे आपण तिचा नैवेद्य प्यायलो?"

तुम्ही त्या विटांच्या घरट्यासमोर दगडावर बसलात. एलादिओ समजुतीनं म्हणाला की काही हरकत नाही, ती बाई रागावत नाही, तहानलेल्याला ती देतेच. तुम्ही मान हलवलीत. "उद्या परत यायचं," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी वरच्या तळ्यावर जायचं होतं. ज्या तळ्यावर गुलाबी रोहित पक्षी उतरतात, ज्याचं नाव तुम्ही टोरंटोपासून घेत होतात. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. मंदाताई चिडल्या.

"तीन बाटल्यांसाठी? एलादिओ जाईल कधी त्या वाटेनं तेव्हा ठेवेल की."

"प्यायलो आपण. ठेवायच्याही आपणच."

"सुमे, तीस वर्षं तू ते तळं फळ्यावर काढलंस!"

"काढलं ना? मग पाहिलंच आहे म्हण."

तुम्ही हे तोऱ्यात म्हणालात, पण रात्री जेवताना तुमचं लक्ष सारखं खिडकीकडे जात होतं. ते डोंगर ज्या बाजूला होते तिकडे. मी पाहिलं ते.

सकाळी गावातल्या दुकानातून नव्या बाटल्या घेतल्या. तीन प्यायलो होतो, तुम्ही जास्तीच्या घेतल्यात. तिथं पोहोचल्यावर प्रत्येकीनं आपापली ठेवली. मंदाताईंनी हात जोडले. मी जोडले नाहीत, मला सवय नाही, पण बाटलीचं झाकण उघडून ठेवलं. मेलेल्या बाईला झाकण कसं उघडता येईल, असं काहीतरी मनात आलं. मंदाताई गाडीकडे गेल्या आणि मग मी बोलले. आयुष्यात तेवढं लांब मी कुणाशी बोलले नसेन.

"ताई, त्या बाईला तुम्ही ओळखत नाही. ती मागायला येणार नव्हती. तरी तिचं पाणी अंगावर राहू नये म्हणून तुम्ही तळं सोडलंत. मग माझ्या अंगावर तुमचे पैसे राहावेत असं तुम्हाला का वाटतं?"

वारा होता, बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या. मग तुम्ही म्हणालात, "चल, उन्हात उभी राहू नकोस." बस. मला वाटलं, रागावलात.

परत आल्यावर पहिल्या सोमवारी मॉलच्या बाकावर तुम्ही माझ्यासमोर हात पसरलात. मी पैसे ठेवले. तुम्ही मोजलेत, पर्समध्ये टाकलेत, आणि म्हणालात, "चल, चार फेऱ्या राहिल्यात." त्या दिवशी मी तुमच्या पुढे चालत होते. तुम्ही मागून हाक मारलीत, "अगं, रेस लावलीस का?"

त्यानंतर एक महिना चुकला नाही. कधी थोडे असायचे, कधी दिवाळीनंतर जास्त. तुम्ही कधी "राहू दे" म्हणाला नाहीत. लोकांना वाटतं, पैसे देणं कठीण. घेणं किती कठीण असतं, आणि तुम्ही ते माझ्यासाठी किती नीट केलंत, हे मला माहीत आहे. मागच्या थंडीत तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा आजारी माणसाच्या उशाशी पैसे काय न्यायचे म्हणून मी रिकाम्या हातानं आले. तुम्ही ऑक्सिजनची नळी बाजूला केलीत आणि म्हणालात, "सोमवार गेला ना? माझे कुठेत?" नर्स घाबरून बघायला लागली. मी दुसऱ्या दिवशी घेऊन आले.

आणि आपलं ते भांडण. तुम्ही परतीच्या विमानातच सुरू केलं होतंत. "शेवंता, पण हे शक्य नाही हं. आई मेल्यावर दूध कसं येईल? लोक काहीही रचतात." मी म्हणायची, "येत असेल थोडा वेळ." "थोडा वेळ म्हणजे किती?" "बाळाला लागेल तेवढा." "हे काय उत्तर झालं?" लेकीला, केतकीला, तुम्ही कम्प्युटरवर शोधायला लावलंत, डॉक्टरांना विचारलंत, जिंकून यायच्या थाटात मॉलमध्ये यायच्या. मी हरायची नाही. तुम्हाला नवल वाटायचं, की एरवी कशालाच नाही न म्हणणारी ही बाई याच गोष्टीवर कशी अडून बसते. शेवटच्या आठवड्यातही डोळे उघडून म्हणालात, "मी अजून मानत नाही हं, शेवंता." मी म्हटलं, "नका मानू. बऱ्या व्हा, मग भांडू."

ते का, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मी चौथीत होते तेव्हा माझी आई बाळंतपणानंतर गेली. भाऊ तान्हा होता. आई गेल्यावर बायकांनी त्याला उचललं, तेव्हा तो तिला लुचत होता. मी पाहिलंय. दूध येत होतं का नव्हतं, मला माहीत नाही. मी लहान होते, मला वाटलं येतंय. मग शेजारच्या गोदाबाईनं तिच्या शेळीचं दूध दिलं. रोज द्यायची. बाबांकडे पैसे नव्हते, पण फुकटचं घ्यायचं नाही असं त्यांचं होतं. उपकार घेतला की माणूस मान वर करून बोलू शकत नाही, म्हणायचे. म्हणून मी गोदाबाईच्या शेळ्या चारायला जायला लागले, आणि शाळा सुटली ती सुटलीच. भाऊ जगला. आता वाशीमला त्याचं दुकान आहे, पोट सुटलंय. मला शाळेचं कधी वाईट वाटलं नाही असं नाही. पण गोदाबाईच्या अंगणात मी कधी खाली मान घालून उभी राहिले नाही, आणि ती मला स्वतःच्या ताटात जेवायला घ्यायची.

हे तुम्हाला वाळवंटात सांगायला हवं होतं. त्या बाईच्या घरट्यासमोर तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही रडला असतात, आणि मग पैसे घेतले असते ते दयेनं घेतले असते. म्हणून गिळलं. नंतर सांगू, नंतर सांगू करत राहिले. तुम्ही गेल्यावर कळलं की सांगितलं असतं तरी तुम्ही तसं केलं नसतं. एवढा विश्वास तुमच्यावर आधीच ठेवायला हवा होता.

काल तुमच्याकडे गेले होते. थोडे पैसे राहिले होते. मिलिंदनं चेक लिहून देतो म्हटलं, मी नको म्हटलं. स्वतः बसनं गेले. तुमच्या दारात अजून तुमचे बूट आहेत, कडेला रस्त्यावरच्या बर्फावर टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग सुकलेले.

केतकीनं पाकीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मावशी, प्लीज. लेट इट गो ना. आईला काय फरक पडतो आता?" तुमचे नाना सोफ्यावर बसले होते. तेही म्हणाले, "शेवंताबाई, राहू द्या. ती असती तर वेगळं. आम्ही कसे घेऊ?"

मी पाकीट हातात धरून उभी राहिले. मला बोलायला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. नाना तुमच्यासारखे थांबणारे नाहीत, ते उठायला लागले. तेव्हा मी त्यांना शेळीच्या दुधाचं सांगितलं. सगळं नाही, दोन-तीन वाक्यं. तुमच्या आधी त्यांना सांगावं लागलं याचं रात्रभर वाईट वाटलं, म्हणून आज हे लिहायला बसले.

नाना परत बसले. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. केतकी काही बोलणार होती, त्यांनी हातानं तिला थांबवलं. पाकीट घेतलं, नोटा मांडीवर ठेवून सावकाश मोजल्या, आणि मला विचारलं, "किती राहिले होते म्हणालात?" मी आकडा सांगितला.

"मग हे वीस जास्त आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनी एक नोट काढून माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली. पर्समध्ये ठेवली. केतकीनं चहा टाकला होता, तो बसून प्यायले.

फिटले ताई. सगळे.